क्रमांक ४१ व ४२ यांच्या बाटल्यांबाबत

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
वनौषधी चाचणी विभाग (मधुमेह),
सार्वजनिक रुग्णालय, जुनी इमारत,
तळमजला (पूर्वीचे चादरींचे कोठार).

विषय : पाल्याच्या अर्काच्या चाचणीतील क्र. ४१ व क्र. ४२ यांच्या बाटल्यांत औषध होते की नुसते कडू पाणी, हे कळविण्याबाबत.

संदर्भ : १) दोघींची नावे कमी केल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.
३) खिडकी क्र. ३ येथे मारलेल्या पाच फेऱ्या.

महोदय,

१. खाली सही करणारी मी, क्र. ४१ व क्र. ४२ या दोघींची सून आहे. क्र. ४२ या माझ्या सख्ख्या सासूबाई. क्र. ४१ या त्यांच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. घरात एकीला थोरल्या आणि दुसरीला धाकट्या म्हणतात. घोटाळा नको म्हणून अर्जातही तसेच लिहिते. दोघींचे यजमान फार पूर्वी गेले. थोरल्यांना मूलबाळ नव्हते. माझे पती दोघींनाही आई म्हणत, आणि "कुठली आई?" असे कोणी विचारले की "जी ओरडली ती," असे सांगत. थोरल्या तीन महिन्यांपूर्वी वारल्या. धाकट्या हयात आहेत. त्यांनी हयात राहावे यासाठी हा अर्ज आहे.

२. अर्ज एका बैठकीत लिहिलेला नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. मी घरी शर्टाच्या कॉलरी शिवते. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे व तिला शिवणयंत्राच्या आवाजात झोपायची सवय लागली आहे. यंत्र थांबले की ती उठते. त्यामुळे सुईतला दोरा काढून, पायडल रिकामे हलवत ठेवून, फळीवर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर हलले असेल ते त्यामुळे. दुसऱ्या पानावरची निळी रेघ मुलीची आहे, ती खाडाखोड धरू नये.

३. चाचणीच्या पहिल्या सभेला आपण स्वतः हजर होता. लोखंडी खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या, दाराशी वजनाचा काटा होता. आपण समजावून सांगितलेत की निम्म्या लोकांच्या बाटलीत वेलीच्या पाल्याचा अर्क असेल आणि निम्म्यांच्या बाटलीत तशाच रंगाचे, तितकेच कडू पाणी. कोणाला काय मिळाले हे आपणांसही ठाऊक नसेल, यादी सीलबंद पाकिटात राहील. नेहमीच्या गोळ्या मात्र कोणी बंद करायच्या नाहीत, असेही आपण बजावलेत. तेव्हा मागच्या रांगेतून "मग ठाऊक आहे तरी कुणाला?" असे विचारणाऱ्या बाई म्हणजे थोरल्या. आपण म्हणालात, यादी संगणकाने केली आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग सभेला त्यालाच बोलवायचं होतं." लोक हसले. आपणही हसलात. ओळख पटावी म्हणून हे लिहिले. बुटक्या होत्या, खुर्चीवर बसल्या की त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत.

४. आता मुख्य चूक कशी घडली ते सांगते. आमच्या घरात एक जुनी रीत आहे. दोघी नव्या नवऱ्या म्हणून घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासऱ्यांचा हात वाटणीत थोडा वाकडा होता. एकीला लुगडे, दुसरीला नुसता पदर, असे चालायचे. तेव्हापासून दोघींनी ठरवून टाकले, की घरात जे येईल ते मधे ठेवायचे. एकीने वाटायचे आणि दुसरीने आधी उचलायचे. वाटणारीचा हात मग आपोआप सरळ राहतो. कापड, साबण, मी आणलेली औषधाची मलमे, सगळे याच रीतीने. चाळीस वर्षांत जावाजावांचे भांडण झाले ते इतर कशावरूनही झाले असेल, वाटणीवरून नाही.

बाटल्या घरी आल्या त्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या बाटलीतले टोपणभर चाखून पाहिले. थोरल्या म्हणाल्या, धाकटीची जास्त कडू. धाकट्या म्हणाल्या, थोरल्यांची जास्त कडू, "तुमच्यातच औषध असणार, तुम्ही मोठ्या." थोरल्या म्हणाल्या, "संगणकाला मान कळतो होय गं?" मलाही चाखायला दिले. माझ्या तोंडाची दिवसभर वाट लागली, फरक काही कळला नाही. मग थोरल्यांनी काचेची बरणी काढली आणि म्हणाल्या, "एका घरात एकीला औषध आणि एकीला पाणी? असली वाटणी मी सासऱ्याला करू दिली नाही, तर या साहेबांना का करू देऊ?" दोन्ही बाटल्या बरणीत ओतल्या. सकाळ-संध्याकाळ थोरल्या दोन पेल्यांत समान घालायच्या, धाकट्या आधी उचलायच्या. नाक दाबून दोघी एकदमच प्यायच्या, आणि नंतर एकमेकींची तोंडे बघून हसायच्या. नवीन बाटल्या आल्या की पुन्हा तेच.

यात कपट नव्हते. आपल्या नियमाला बाध येतो हे त्यांना कळले नाही. मला कळायला हवे होते. मी बारावी झाले आहे.

५. दोघींच्या रोजनिशीच्या वह्या भरण्याचे काम माझ्याकडे होते. वहीत तारीख, वेळ, किती टोपणे, उपाशीपोटी साखर आणि शेवटी "इतर नोंद" असा रकाना आहे. तो रकाना रिकामा ठेवू नये असे छापलेले असल्यामुळे मी दररोज लिहीत गेले : "दोन्ही बाटल्या एकत्र करून समान वाटून घेतल्या. चव कडू." असे अकरा आठवडे लिहिले. मला वाटले, आपण किती नीट काम करतो आहोत हे साहेबांना दिसेल. प्रत्येक आठवड्याच्या पानाखाली आपल्या सिस्टरबाईंची "पाहिले" अशी सही आहे. एका वहीत अकरा, दुसऱ्या वहीत अकरा. सिस्टरबाईंना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्यापुढे एकाच सकाळी साठ वह्या असत, आणि आकडे त्या खरेच पाहत. थोरल्यांची साखर २६८ वरून १८१ वर आली व धाकट्यांची २४१ वरून १७४ वर, तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या होत्या, "तुझ्या सासवांनी नाव काढलं बघ."

६. बाराव्या आठवड्यात वह्या वरच्या तपासणीला जायच्या म्हणून सिस्टरबाईंनी शेवटचा रकाना पहिल्यांदा वाचला. त्यांनी मला बाजूला घेतले आणि अगदी हळू विचारले, "अगं, हे लिहिलंस कशाला?" केले कशाला, असे त्यांनी विचारले नाही. तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मी लिहिले नसते तर दोघी चाचणीत राहिल्या असत्या, पुढच्या सहा महिन्यांची तपासणी व पायांची पाहणी त्यांना मिळाली असती. आपला निष्कर्ष चुकला असता हेही मला समजते. चूक निष्कर्ष आणि थोरल्यांचा पाय एका तराजूत घालू नयेत, एवढी अक्कल मला आहे. तरी रोज घातले जातात.

७. आपल्या पत्रात "नियमभंगामुळे क्र. ४१ व ४२ यांची नावे कमी करण्यात येत आहेत" असे होते. बरणीसुद्धा जमा करून घेतली, ती घरची होती, पण तिच्याबद्दल तक्रार नाही. पत्र वाचून दाखवल्यावर थोरल्या म्हणाल्या, "काढलं ते दोघींना काढलं, बरं झालं. एकीला ठेवलं असतं तर आयुष्यात पहिल्यांदा वाटणीवरून जुंपली असती आमची."

८. त्यानंतर सातव्या आठवड्यात थोरल्यांच्या टाचेला नवी चप्पल लागली. त्यांनी सांगितले नाही. मुलीचे दात येत होते, ती दिवसभर माझ्या कडेवर, आणि थोरल्या पदराचा काठ फाडून पायाला गुंडाळून त्यावर मोजा चढवून हिंडत होत्या. मी विचारले तर "गार वाजतं," म्हणाल्या. वास आला तेव्हा उशीर झाला होता. आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चार दिवस होत्या. आपल्या विभागाचे दार खाटेपासून तीन जिने खाली होते. त्यांचा मृत्यू चाचणीमुळे किंवा चाचणीतून काढल्यामुळे झाला असे माझे म्हणणे नाही. डॉक्टर म्हणाले, जखम आठवडाभर आधी दिसली असती तर. ती मला दिसायला हवी होती. हे सगळे मी केवळ पुढचे समजावे म्हणून लिहिले.

९. थोरल्या गेल्यावर आठवड्याने धाकट्या कपाट आवरत होत्या. तळाशी आपल्या बाटलीचे एक टोपण सापडले. ते हातात घेऊन त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यात पाणी होतं. मी तिचं अर्धं प्यायले." मी नाना परीने समजावले. त्या ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि मत बदलत नाहीत.

त्या दिवसापासून त्या आपली साखरेवरची गोळी पाटावर ठेवून सुरीने मधोमध कापतात. दोन तुकडे बशीत ठेवतात आणि थांबतात. वाटणारीने आधी उचलायचे नसते. समोरून कोणी उचलत नाही. चहा निवेपर्यंत थांबून मग एक तुकडा स्वतः गिळतात आणि दुसरा थोरल्यांच्या वाटीत टाकतात. थोरल्यांच्या जागी मी उचलीन, असे एकदा म्हणून पाहिले. "तू या वाटणीतली नाहीस," असे अगदी मायेने सांगितले, आणि मुलीला मांडीवर घेतले.

साखर ३१२ झाली. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवून दिली, तीही अर्धी झाली. मग मीच डॉक्टरांना सुचवले की पहिली गोळी दुप्पट ताकदीची द्या, म्हणजे अर्धी केली तरी पुरी पडेल. ते हसले, पण दिली. धाकट्यांनी चष्मा लावून पाकीट वाचले, आणि त्या गोळीचे चार तुकडे केले. आता साखर ३४७ आहे. माझे पती मालाचे ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर असतात. फोनवर म्हणाले, "तिला ओरड की जरा." मी ओरडले. मग दोघी रडलो, मुलगीसुद्धा. गोळी अर्धीच राहिली.

१०. खिडकी क्र. ३ चा वृत्तांत थोडक्यात देते. पहिल्या फेरीत सांगण्यात आले की पाकीट चाचणी संपल्यावर उघडेल. दुसऱ्या फेरीत, चाचणी संपली, पण निष्कर्षाचे काम चालू आहे. तिसऱ्या फेरीत, पाकीट उघडले आहे, परंतु माहिती फक्त चाचणीतल्या व्यक्तींना देता येते आणि या दोघी चाचणीत नाहीत. मी म्हटले, मग त्यांनी अकरा आठवडे प्यायले ते काय होते? खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "तेच तर सांगता येत नाही." ते वाईट माणूस नाहीत, मुलीला त्यांनी शिक्का खेळायला दिला होता. चौथ्या फेरीत त्यांनी स्वतःहून मार्ग काढला. दोघींची लेखी संमती आणा, मग पाहू. क्र. ४१ वारल्या आहेत असे मी सांगितले. तशी नोंद त्यांच्याकडे नव्हती, कारण नाव कमी केलेल्या व्यक्ती वारल्याची नोंद कोणत्या वहीत करायची हे ठरलेले नाही. पाचव्या फेरीत म्हणाले, मयताच्या वारसाची संमती चालेल. थोरल्यांच्या मागे त्यांच्या नावाने रडणाऱ्या धाकट्याच. त्यांच्याकडून सही घ्यायची तर त्यांना कशासाठी ते सांगावे लागेल, आणि उत्तर काय येणार हे माहीत नसताना मला ते सांगता येत नाही. हा अर्ज केल्याचे त्यांना ठाऊक नाही.

११. मागच्या मंगळवारी मुलगी रांगत भिंतीतल्या खालच्या फळीपाशी गेली. तिथल्या थोरल्यांच्या वाटीत गोळ्यांचे तुकडे बरेच साठले आहेत. मुलीने एक तुकडा ओठांपर्यंत नेला होता. मी यंत्रावरून उठले कशी, ते आठवत नाही, कॉलर सुईखाली फाटली. तिच्या मुठीतून तुकडा काढला, तोंडात बोट घालून पाहिले, दिवसभर तिला डोळ्यांआड केले नाही. वाटी वरच्या फळीवर ठेवली. संध्याकाळी ती पुन्हा खाली होती. धाकट्या म्हणाल्या, "इतक्या उंच ठेवलीस तर तिचा हात कसा पुरेल?"

मुलीचा नाही, थोरल्यांचा.

आता यंत्र मी फळीसमोर आडवे ओढून घेतले आहे आणि तिथेच बसते.

१२. आता विनंती. अर्क पुन्हा मिळावा अशी मागणी नाही. तो गुणकारी आहे की नाही, तेही मला विचारायचे नाही. आपल्या कामाला यश यावे असे मनापासून वाटते, कारण साखरेची माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. मला फक्त दोन बाटल्यांपुरते कळवावे. मी हिशेब मांडून पाहिला, उत्तरे चारच निघू शकतात.

दोन्हींत औषध असेल, तर कोणी कोणाचे प्यायले नाही. उत्तम.

दोन्हींत पाणी असेल, तर दोघींनी अकरा आठवडे कडू पाणी समान वाटून प्यायले आणि साखर उतरली ती दर गुरुवारी वह्या दाखवायला एकमेकींचा हात धरून रुग्णालयापर्यंत चालत येण्याने, किंवा हसण्याने. हे उत्तरही चालेल. धाकट्यांना ते ऐकून हसू येईल आणि मला ते तीन महिन्यांत दिसलेले नाही.

क्र. ४२ मध्ये औषध व क्र. ४१ मध्ये पाणी असेल, तर धाकट्यांनी आपले अर्धे थोरल्यांना दिले. याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

चौथे उत्तर मी लिहीत नाही. आपल्या लक्षात आले असेल.

१३. खोटे कळवावे असे मी सुचवणार नाही. ज्या घराने शेवटच्या रकान्यात खरे लिहून आपले नाव कमी करून घेतले, त्या घराने आपणांस खोटे लिहायला सांगणे शोभणार नाही. परंतु गप्प राहणे हे खोटे बोलणे नव्हे. आपल्या कार्यालयाने यापूर्वीच्या दोन अर्जांना उत्तर दिलेले नाही, तेव्हा तिसऱ्याला न आल्यास आमच्या घरी कोणाच्याच ते नजरेत येणार नाही. तेव्हा पहिल्या तीनपैकी काही असेल तर सोबतच्या पाकिटातून कळवावे. पाकिटावर धाकट्यांचे नाव मी मोठ्या अक्षरात घातले आहे, चष्मा नसला तरी वाचता येईल असे. त्यांच्या नावाने आजवर कोणत्याही कार्यालयातून पत्र आलेले नाही, म्हणून त्या ते लगेच फोडतील आणि दोन-तीनदा वाचतील.

उत्तर आले नाही, तर चौथे निघाले की अर्ज वाचलाच गेला नाही, हे मला कधीही कळणार नाही. ते माझे मी बघून घेईन. गोळी कापायच्या वेळी समोर बसत जाईन.

मुलगी उठली आहे. पाय कधी थांबला ते समजले नाही.

कळावे, आपल्या वेळेबद्दल ऋणी,

आपली नम्र,
(सही)
क्र. ४१ व क्र. ४२ यांची सून

दि. ३ नोव्हेंबरला लिहायला घेतला, दि. २१ नोव्हेंबरला पूर्ण.

सोबत :
१. नावे कमी केल्याच्या पत्राची प्रत.
२. क्र. ४१ व क्र. ४२ यांच्या वह्यांच्या शेवटच्या रकान्याची नक्कल, माझ्याच अक्षरात.
३. बाटलीचे टोपण, एक. (कपाटात सापडलेले. ते घरात नसलेले बरे.)
४. धाकट्यांचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट, एक. चौथे उत्तर असल्यास हे आपल्याकडेच राहू द्यावे.